घसा धरला आणि कानाला दडा बसला

प्रश्न : माझे वय ३६. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर काम करतो. दहा दिवसांपूर्वी घसा धरला, एक दिवस अंगात ताप होता, सर्दी अजून थोडी आहे. चौथ्या दिवसापासून उजव्या कानाला दडा बसला आहे. स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो, भाकरी चावताना कानात कुरकुर ऐकू येते. मेडिकलमधून अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या आणून घेतल्या. आईने लसूण घालून कढवलेले तेल कानात सोडले. घसा बराच सुधारला, कान मात्र तसाच आहे. कायमचा बहिरेपणा येईल का? आणि शनिवारी रात्रीच्या गाडीने मुंबईला लग्नाला जायचे आहे, जावे का?

उत्तर : तुमच्या शेवटच्या दोन प्रश्नांपासूनच सुरुवात करतो, कारण आठवडाभर बंद कान घेऊन वावरणाऱ्या माणसाला कानाची रचना ऐकण्याआधी आपले काय होणार हे ऐकायचे असते. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून कायमचा बहिरेपणा येण्याची शक्यता फार कमी वाटते. गाडीने मुंबईला जाण्यासही हरकत नाही. मात्र या दोन्ही उत्तरांना एक अट आहे. एक छोटी तपासणी तुम्ही आज रात्री घरच्या घरी करायची आहे, आणि तिचा निकाल उलटा आला तर खाली लिहिलेले बाकीचे सगळे बाजूला ठेवून उद्याच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायचे आहे.

घरातला पंखा आणि टीव्ही बंद करून शांत बसा. तोंड मिटून खालच्या सुरात ‘हं...’ असा एकसारखा आवाज काढा आणि तो कोणत्या कानात जास्त घुमतो याकडे लक्ष द्या. काय ऐकायचे ते नीट कळावे म्हणून आधी डाव्या, म्हणजे चांगल्या कानात बोट घालून ‘हं’ करून पाहा; आवाज लगेच त्या बंद केलेल्या बाजूला सरकल्याचे जाणवेल. आता बोट काढून पुन्हा ‘हं’ करा. आवाज उजव्या, म्हणजे दडा बसलेल्या कानात अधिक घुमत असेल, तर अडथळा ध्वनीच्या वाटेत आहे आणि आतली नस शाबूत आहे, असे बहुतेक वेळा मानता येते. तोच आवाज डाव्या, चांगल्या कानात अधिक ऐकू आला, तर मात्र उजव्या कानाच्या नसेवर घाव आला असण्याची शंका घ्यावी लागते. आम्ही दवाखान्यात ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकल्यावर सेकंदाला ५१२ कंपनांनी एकसारखा घुमणारा धातूचा चिमटा, कपाळावर टेकवून हेच पाहतो. तुमचा स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि चावण्याची कुरकुर मोठी ऐकू येते, यावरून निकाल पहिल्या प्रकारचाच येईल असे मला वाटते. तरीही तपासणी करा, आणि ती घरगुती अंदाज देणारी आहे, शेवटचा निवाडा देणारी नाही, हे लक्षात असू द्या.

या एका गोष्टीवर मी एवढा का अडतो, त्याला कारण आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एक शिक्षिका माझ्याकडे अगदी तुमच्यासारखीच तक्रार घेऊन आल्या होत्या : आठवडाभर सर्दी, घशात खवखव, आणि उजवा कान अचानक गच्च. मी कानाचा पडदा पाहिला, तो किंचित आत ओढल्यासारखा वाटला, सर्दी तर समोर दिसतच होती. नाकात टाकायचे थेंब लिहून दिले आणि दोन आठवड्यांनी या म्हणून सांगितले. ट्यूनिंग फोर्क टेबलाच्या खणात होता; रांग मोठी होती म्हणून तो बाहेर काढला नाही. त्या परत आल्या तेव्हा ऑडिओग्रामच्या, म्हणजे ऐकण्याच्या मोजणीच्या कागदावर उजव्या कानाची रेषा तळाला गेलेली होती. ज्याला अचानक आलेला नसेचा बहिरेपणा म्हणतात तो हा होता. सर्दी आणि हा विकार एकाच आठवड्यात आले आणि मी दोघांना एकच समजलो. या विकारात स्टेरॉइड जितके लवकर सुरू होईल तितका लाभ अधिक, आणि पहिले दोन आठवडे सर्वांत मोलाचे असतात. नेमके तेच आम्ही गमावले. थोडेसे ऐकू येणे परत आले, बाकीचे आले नाही. आजही त्या भेटल्या आणि फोन वाजला, तर तो डाव्या कानाला लावतात. तेव्हापासून फोर्क माझ्या खिशात असतो. तुमच्या कानाला दडा बसून आज सहा-सात दिवस झाले आहेत, म्हणजे निकाल उलटा आलाच तरी वेळ अजून हातात आहे.

आता मूळ दुखण्याकडे वळू. कान बंद झालेला असला तरी बिघाड बहुधा कानाच्या बाहेर, घशाच्या माथ्यावर आहे. पडद्याच्या आत, तीन इवल्या हाडांच्या साखळीभोवती हवेने भरलेली एक छोटी खोली असते. तिला मध्यकर्ण म्हणतात. जुन्या वाड्यात धान्य साठवायचे बळद असे, त्याचे तोंड भलत्याच खोलीतून असायचे. मध्यकर्णाचे तसेच आहे. बाहेरच्या बाजूने पडद्याची बंद भिंत आणि खरे दार नाकाच्या मागे, पडजिभेच्या वरच्या कोनाड्यात. त्या दारापासून मध्यकर्णापर्यंत जाणारी कंठकर्णनलिका मोठ्या माणसात साधारण साडेतीन सेंटिमीटर लांबीची असते आणि सर्वांत अरुंद जागी तिची वाट जेमतेम एक-दोन मिलिमीटरची असते. एरवी ही नळी मिटलेलीच असते. आपण आवंढा गिळतो किंवा जांभई देतो, तेव्हा टाळूला ताण देणारा स्नायू तिचे तोंड क्षणभर उघडतो आणि चिमूटभर हवा आत जाते. शांत खोलीत आवंढा गिळताना कानात ‘टक्’ असा बारीक आवाज येतो, तो याच दाराचा.

ही हवा सतत पुरवावी का लागते, हे समजले की तुमच्या दड्याचा उलगडा होतो. मध्यकर्णाच्या आतले अस्तर तिथली हवा हळूहळू रक्तात शोषून घेत असते. विषाणूमुळे घसा आणि नाकाचा मागचा भाग सुजला की तीच सूज या नळीच्या तोंडाशी येते, कारण अस्तर एकच आहे. दार उघडेनासे होते, आतली हवा मात्र शोषली जातच राहते. दाब कमी होतो आणि बाहेरची हवा पडद्याला आत ढकलते. ताणून बसलेला पडदा नीट थरथरत नाही, म्हणून बाहेरचे आवाज दबतात. तुमचा स्वतःचा आवाज आणि भाकरीची कुरकुर हाडांतून थेट आत पोचते. बाहेरचा गलका कमी झाल्यामुळे ती अधिकच मोठी वाटते. असे काही दिवस चालले तर अस्तरातून पाण्यासारखा द्रव पाझरतो, आणि मान हलवल्यावर कानात काहीतरी डुचमळल्याची तक्रार घेऊन रुग्ण येतो.

घसा बरा झाला तरी कान का मोकळा झाला नाही, हा तुमचा रोख मला समजतो. घशाची जागा ऐसपैस आहे; तिथे थोडी सूज उरली तरी गिळणे अडत नाही. नळीच्या एवढ्याशा वाटेत तेवढीच सूज पूर्ण अडथळा करते. शिवाय आतला दाब कमी झाल्यामुळे नळीच्या भिंती एकमेकींना चिकटून बसतात, ओढून घट्ट बसलेल्या झाकणासारख्या. त्यामुळे कान हा घशाच्या मागून बरा होतो. बहुतेकांचा दडा दोन-तीन आठवड्यांत सुटतो, काहींना पाच-सहा आठवडेही लागतात. तो एकदम सुटेलच असे नाही. आधी जांभईबरोबर क्षणभर उघडतो, पुन्हा बंद होतो, आणि असे चार-पाच दिवस चालून मग मोकळा राहतो. या उघडझापीला लोक घाबरतात, पण ती चांगली खूण आहे.

यावरून तेलाचा प्रश्न आपोआप सुटतो. आईंच्या मायेला बोल लावण्याचा हेतू नाही. माझ्या आजीनेही आम्हा भावंडांच्या कानात तेल घातले आहे. पण बाहेरून घातलेले तेल अडीच सेंटिमीटरची कानाची वाट संपली की पडद्याच्या भिंतीपाशी थांबते. दार पलीकडे, घशात आहे, आणि अखंड पडद्यातून तेल तिकडे जाऊ शकत नाही. पडद्याला छिद्र असेल तर ते जाते, आणि तेव्हा आत जंतू व घाण घेऊन जाते, जे त्याहून वाईट. दार कोणत्या बाजूला आहे हे फार पूर्वी व्हर्सायच्या एका पोस्टमास्तराने स्वतःच्या अंगावर दाखवले होते. गियो नावाचा हा गृहस्थ आपल्या बंद कानाला कंटाळला होता. त्याने वाकडी नळी तोंडावाटे टाळूच्या मागे नेऊन कंठकर्णनलिकेच्या तोंडाशी पाणी सोडण्याचा उपाय १७२४ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडला. कोणी घरी करून पाहू नये, पण दिशा त्याची बरोबर होती.

तेलाचा आणखी एक उपद्रव मी दर पावसाळ्यात पाहतो. तेलाने ओली राहिलेली कानाची वाट बुरशीला मानवते. दुर्बिणीतून पाहिले तर आत भिजलेल्या वर्तमानपत्राचा लगदा कोंबल्यासारखे दिसते आणि त्यावर काळे ठिपके असतात. रुग्णाला आधी फक्त दडा होता. आता खाज, ठणका आणि दोन-तीन आठवड्यांची साफसफाई पदरी पडते. तुमच्या कानात तेल एकदाच गेले असेल तर काळजी नको, ते मळाबरोबर बाहेर येईल. पुन्हा घालू नका, आणि काडेपेटीची काडी, केसातली पिन किंवा कापसाची काडी यांपैकी काहीही आत घालू नका.

अ‍ॅझिथ्रोमायसिनबद्दल थोडे स्पष्ट बोलतो. घसा धरला की तीन गोळ्यांची पट्टी आणायची, ही आपल्याकडे आता चहाइतकी सवयीची गोष्ट झाली आहे. मोठ्या माणसाच्या घसादुखीत जिवाणू सापडतो तो दहांत एखाद्याच्याच घशात. बाकीच्या दुखण्यांमागे विषाणू असतात आणि विषाणूवर हे औषध चालत नाही. सर्दी, खोकला, आवाज बसणे ही विषाणूची लक्षणे आहेत. याउलट खोकला नसताना जोराचा ताप, टॉन्सिलवर पांढरे-पिवळे ठिपके आणि जबड्याखाली दुखऱ्या गाठी, असे चित्र असेल तर स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूचा विचार करावा लागतो. तो नक्की ठरला तर, विशेषतः मुलांमध्ये, पेनिसिलिन किंवा अमोक्सिसिलिन पूर्ण दहा दिवस द्यावे लागते, कारण त्यातून पुढे संधिवाताचा ताप आणि हृदयाच्या झडपांचा विकार होऊ शकतो. म्हणजे जिथे औषध लागत नाही तिथे तीन गोळ्या व्यर्थ, आणि जिथे लागते तिथे त्या अपुऱ्या पडण्याचा धोका. तुमचा घसा सुधारला तो दिवस भरल्यामुळे, असे माझे मत आहे. दड्यासाठी प्रतिजैविकाचा दुसरा कोर्स मागू नका.

मग करायचे काय? खरे सांगायचे तर नळीवर थेट उपाय फारसे नाहीत; नाक मोकळे ठेवणे आणि दाराला उघडण्याची संधी देत राहणे, एवढे आपल्या हाती असते. नाक धुणे हा त्यातला मला सर्वांत आवडणारा उपाय आहे. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्या, त्यात सपाट चमचाभर मीठ विरघळवा, आणि सिंकावर ओणवे होऊन एका नाकपुडीतून घालून दुसरीतून बाहेर येऊ द्या. जलनेतीचे भांडे असेल तर उत्तम. पाणी उकळण्यात कुचराई करू नका. उजनीचे पाणी आपल्या नळाला काही दिवसांआड येते आणि मधले दिवस पिंपात भरलेले असते. गुळण्यांना ते चालेल, नाकात घालायला उकळलेलेच हवे, कारण न उकळलेल्या पाण्यातून नाकावाटे क्वचित का होईना, पण अत्यंत घातक संसर्ग होऊ शकतो. धुतल्यावर नाक जोराने शिंकरू नका. एकेक नाकपुडी हलक्या हाताने.

नाक फारच चोंदले असेल तर ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे थेंब रात्री घेता येतात, पण पाच दिवसांपेक्षा अधिक नाही. ही बाटली सोडवणे अवघड जाते : थेंबांचा अंमल उतरला की नाक आधीपेक्षा जास्त सुजते, माणूस पुन्हा थेंब घालतो, आणि वर्षानुवर्षे उशाशी बाटली घेऊन झोपणारे रुग्ण माझ्याकडे आहेत. रक्तदाबाचा त्रास असेल तर हे थेंब आणि सर्दीच्या संयुक्त गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नका. त्या गोळ्यांबाबत तुम्हाला वेगळे बजावतो, कारण त्यांपैकी अनेकींत गुंगी आणणारे औषध असते. चालू मागावर हात असणाऱ्या माणसाला पेंग परवडणारी नाही. धुळीची अ‍ॅलर्जी जुनीच असेल, आणि सुताचे बारीक तंतू दिवसभर नाकात जाणाऱ्यांत ती पुष्कळदा असते, तर नाकातला स्टेरॉइडचा फवारा काही आठवडे उपयोगी पडतो. तो घेताना उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत, रोख डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे ठेवून मारावा, म्हणजे नाकाच्या मधल्या पडद्यावर तो लागत नाही आणि रक्त येत नाही.

दार उघडण्यासाठी जांभया द्या, घोट घोट पाणी प्या, बडीशेप चघळा. नाक चिमटीत धरून आवंढा गिळण्याची युक्ती दिवसातून आठ-दहा वेळा करता येते. नाक धरून, तोंड मिटून हवा कानाकडे फुंकण्याची युक्ती बहुतेकांना ठाऊक असते. ती इटलीच्या व्हाल्साल्वा या शरीरशास्त्रज्ञाने १७०४ मध्ये सांगितली, आणि गंमत म्हणजे त्याचा हेतू फुटलेल्या पडद्यातून पू बाहेर काढणे हा होता. ती करायची तर नाक धुऊन साफ झाल्यावर, हळुवारपणे. ताप असताना किंवा नाकातून पिवळा-हिरवा शेंबूड येत असताना करू नका, नाहीतर नाकातली घाण मध्यकर्णात ढकलली जाईल. कान उघडत नाही म्हणून गाल फुगवून, चेहरा लाल होईपर्यंत जोर लावणारे लोक भोवळ येऊन खुर्चीतच कलंडलेले मी पाहिले आहेत.

घशासाठी मिठाच्या गुळण्या, दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, एवढे पुरते. पावसाळ्यात डेंग्यू फिरत असताना तापाचे कारण कळण्याआधी आयबुप्रोफेन टाळावे. हळदीच्या दुधाने नळी उघडत नाही, पण घशाला बरे वाटते, तेव्हा घ्या. कडक भाकरी आमटीत कुस्करून खा. सुजल्या घशावरून तिचा कोरडा तुकडा उतरताना काय होते ते मी सांगायला नको. वाफेने नाक थोडा वेळ मोकळे होते, मोठ्यांनी जरूर घ्यावी. लहान मुलांना उकळत्या भांड्यावर मुळीच वाकवू नये, भाजलेली मुले पाहिली की तो उपाय नकोसा होतो.

कान बंद होणे आणि कान दुखणे या दोन तक्रारी एकत्र सांगितल्या जातात, पण त्या वेगळ्या आहेत. घसा आणि मध्यकर्ण यांना संवेदना पुरवणारी एक नस सामाईक आहे, त्यामुळे टॉन्सिल सुजले की गिळताना कळ थेट कानात जाते. कान तपासावा तर निर्दोष. टॉन्सिलचे ऑपरेशन झालेली मुले चौथ्या-पाचव्या दिवशी कान धरून रडतात, त्याचेही कारण हेच. असे दुखणे घशाबरोबर जाते. मात्र कान आपल्या जागी ठणकू लागला, पुन्हा ताप चढला, आणि मग ठणका अचानक थांबून कानातून पू आला, तर मध्यकर्णात जंतू वाढून पडदा फुटला असे समजावे; हे छिद्र बहुधा भरून येते, पण तपासणी आणि औषध लागतेच.

याच नसेमुळे एक गंभीर गोष्ट लपते, आणि आपल्या शहरात ती बोललीच पाहिजे. मावा, गुटखा, तंबाखू किंवा विडी घेणाऱ्या माणसाचा एकच कान तीन आठवड्यांहून जास्त दुखत असेल आणि कानात काही सापडत नसेल, तर जिभेचा मागचा भाग, टॉन्सिल आणि स्वरयंत्राच्या आजूबाजूची जागा दुर्बिणीने पाहिल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये. तिथल्या कर्करोगाची पहिली हाक कधी कधी कानात ऐकू येते. गुटख्याचा कानाशी दुसराही संबंध आहे, जो फारसा कोणाला माहीत नसतो. सुपारीमुळे टाळूचे आणि गालांचे अस्तर कडक होत जाते, तोंड पूर्ण उघडेनासे होते; याच कडकपणात कंठकर्णनलिका उघडणारा टाळूचा स्नायूही सापडतो. २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे, तरी पंचविशीतली मुले माझ्याकडे बंद कान घेऊन येतात. मी त्यांना स्वतःच्या हाताची तीन बोटे उभी तोंडात घालायला सांगतो, आणि ती जात नाहीत. अशा कानाला थेंबांनी गुण येत नाही. तुम्ही मावा खाता की नाही हे लिहिलेले नाही. खात असाल तर ही तीन बोटांची चाचणी आज ‘हं’च्या तपासणीबरोबरच करून टाका.

तुमचा दडा आणखी आठवडाभरात हलला नाही, तर एकदा प्रत्यक्ष दाखवा. पडदा दुर्बिणीतून पाहिला की चित्र बरेच स्पष्ट होते : निरोगी पडदा मोत्यासारखा करडा आणि चमकदार असतो, आत ओढलेला पडदा ओल्या कापडासारखा हाडाच्या दांड्याला चिकटतो, आणि मागे द्रव साठला असेल तर मधासारखी पिवळसर छटा, क्वचित हवेचे बुडबुडे दिसतात. टिंपॅनोमेट्री नावाची दुखत नसलेली तपासणी दोन मिनिटांत होते. कागदावर मधोमध डोंगर उमटला तर दाब ठीक, डोंगर डावीकडे सरकला तर आतला दाब कमी, आणि नुसते सपाट माळरान आले तर बहुधा द्रव, किंवा मळाने भरलेली वाट. मळ असेल तर तो काढला की काम झाले. आंघोळीनंतर एकाएकी बंद झालेल्या कानात पुष्कळदा मळच फुगलेला असतो. मोठ्या माणसाच्या एकाच कानात द्रव सहा आठवड्यांनंतरही राहिला, तर नाकातून दुर्बीण घालून नळीच्या तोंडाशी गाठ तर नाही ना, हे पाहणे आमचे कर्तव्य असते. मुलांचे वेगळे आहे. त्यांची नळी आखूड आणि आडवी असते, नाकाच्या मागचे गाठीसारखे अ‍ॅडेनॉइडही मोठे असते, म्हणून सर्दीनंतर द्रव साठणे नित्याचे. तीन महिने वाट पाहून, ऐकणे आणि बोलणे यांवर लक्ष ठेवून मग ठरवतात.

काही लक्षणांना मात्र आठवड्याची सवलत नाही. घसा एकाच बाजूने असह्य दुखून तोंड उघडेनासे झाले, लाळ गिळता येईना, तोंडात गरम घास धरून बोलल्यासारखा आवाज येऊ लागला, तर टॉन्सिलच्या मागे पू झालेला असू शकतो. श्वासाला घरघर, गरगरणारी चक्कर, तोंड एका बाजूला वाकडे होणे, कानाच्या मागे लाल दुखरी सूज, कानाच्या पाळीवर पाण्याचे फोड : यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी सिव्हिलला किंवा जवळच्या रुग्णालयात जा.

मागावर काम करणाऱ्यांकडून एक वाक्य मी नेहमी ऐकतो : “डॉक्टर, कारखान्यात सगळं ऐकू येतं, घरीच ऐकू येत नाही.” त्यात लबाडी नसते. ज्याच्या ध्वनीच्या वाटेत अडथळा आहे त्याला गोंगाटात तुलनेने बरे ऐकू येते, कारण गोंगाट त्याच्यापर्यंत कमी पोचतो आणि बोलणारे मात्र ओरडून बोलतात. सतराव्या शतकात थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने ढोल वाजत असतानाच ऐकू येणाऱ्या एका स्त्रीची नोंद केली आहे. तेव्हा कारखान्यात ठीक चालले आहे म्हणून कान सुधारला असे समजू नका. पारख घरच्या शांततेत करा. आणि दडा बसला आहे म्हणून त्या कानाला आता संरक्षण नको, असेही मानू नका. मागांच्या शेडमध्ये आवाज सहज नव्वद डेसिबेलच्या वर असतो, आणि दडा सुटेल त्या दिवशी तो पूर्ण जोराने आत जाणार आहे. दोन्ही कानांना फोमचे बोळे लावा. कान बरा झाल्यावर एकदा ऑडिओग्रामही काढून घ्या, कारण मागाच्या आवाजाने होणारी झीज दडा असताना वेगळी ओळखू येत नाही.

राहिला शनिवारचा प्रवास. लोणावळ्याहून कर्जतला उतरताना गाडी पाचशेहून अधिक मीटर खाली येते. बाहेरचा दाब वाढत जातो आणि ज्याची नळी उघडत नाही त्याचा पडदा आणखी आत ढकलला जातो. रात्रीची गाडी घाटात पोचते ती पहाटे, प्रवासी गाढ झोपेत असताना, आणि झोपेत आपण आवंढा फार कमी वेळा गिळतो. म्हणून धडधाकट माणसेही कर्जतला कान बंद होऊन जागी होतात. पुणे गेल्यावर तासाभराचा गजर लावा. नाकाचे थेंब चालू असतील तर त्या वेळी घाला, उठून बसा, आणि घाट उतरेपर्यंत दर मिनिटाला पाण्याचा एकेक लहान घोट घेत राहा. कान ठणकलाच तर पॅरासिटामॉलची गोळी घ्या. गाडीचा उतार विमानाच्या मानाने सावकाश असतो, त्यामुळे इजा होण्याचे भय फारसे नाही. विमानाचे तिकीट असते तर मात्र मी ते पुढे ढकलायला सांगितले असते. मुंबईत उतरल्यावर दोन दिवस दडा थोडा वाढल्यासारखा वाटेल. परतताना गाडी घाट चढते, तेव्हा आतली हवा नळीतून आपण होऊन बाहेर सुटते. कित्येकांचा अडलेला कान अशा वेळी खंडाळ्याच्या आसपास ‘टक्’ करून उघडतो.